एका डोळ्याच्या यंत्राशी खेळताना

अप्लाइड आर्टला फोटोग्राफी घेतली की सुरुवातीचा काळ अपर्चर, शटर, आयएसओ, टेबलटॉप आणि तीन लाइटांचं पोर्ट्रेट यांत जातो. ते सगळं लागतंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण फोटोशी मुद्दाम खेळणारे, बघणाऱ्याच्या नजरेला चकवा देणारे कलाकार त्या अभ्यासक्रमात फारसे भेटत नाहीत. ते ज्याचे त्याने शोधायचे. कॉलेजातल्या ज्युनिअर मुली अधूनमधून विचारतात, "ताई, आम्हाला ते इल्यूजनवालं काम करायचंय, कुठून सुरुवात करू?" दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा बैजवार लिहून काढते.

पहिली गोष्ट, नावांची यादी मागू नका. यादी हातात आली की पन्नास जणांचा एकेक फोटो डोळ्यांखालून जातो, "भारी आहे" म्हणत आपण तो सेव्ह करतो आणि स्वतःच्या कामात त्यातलं काहीही उतरत नाही. मला उपयोग झाला तो एका अगदी साध्या गोष्टीचा: कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, तो एका जागी खिळलेला असतो आणि क्षणभरच उघडतो. आपल्याला दोन डोळे आहेत, वळणारी मान आहे, आणि मघाशी काय पाहिलं ते लक्षात ठेवणारा मेंदू आहे. कॅमेऱ्याचं बघणं आणि आपलं बघणं यांत जी फट आहे, तिच्यात ही सगळी मंडळी काम करतात. त्यामुळे नवा कलाकार सापडला की मी आधी एवढंच विचारते, याने कॅमेऱ्याचा कुठला खिळा सैल केला?

हे डोक्यात पक्कं बसलं ते जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांच्यामुळे. जन्म टोकियोचा, १९४८ चा. सत्तरच्या दशकात ते न्यूयॉर्कला आले आणि तिथल्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीत पेंढा भरलेल्या प्राण्यांचे देखावे बघत हिंडले. दोन्ही डोळ्यांनी बघताना ते देखावे साफ नकली वाटत होते. एक डोळा मिटला आणि तेच प्राणी जिवंत वाटायला लागले. १९७६ पासून त्यांनी या देखाव्यांचे काळे-पांढरे फोटो काढले. बर्फावर मारलेल्या सीलपाशी उभं असलेलं ध्रुवीय अस्वल बघा. कुणी सांगितलं नाही तर तो आर्क्टिकमध्ये काढलेला फोटो म्हणून सहज खपेल. फोटोत खाडाखोड शून्य आहे. सगळी जादू एका डोळ्याची. जवळच्या वस्तूची दोन डोळ्यांत पडणारी प्रतिमा किंचित वेगळी असते आणि त्या फरकावरून मेंदू खोली ताडतो. एक डोळा मिटला की हा फरक जातो, मागचा रंगवलेला पडदा आणि पुढचं अस्वल एकाच जगात येतात. कॅमेऱ्याचा तर दुसरा डोळा कायमचाच मिटलेला.

मुंबईत असाल तर हे आजच करून बघता येईल. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या प्राणिविभागात काचेमागे असे देखावे आहेत. समोर स्थिर उभं राहायचं, एक डोळा झाकायचा आणि थोडा वेळ डोकं हलवायचं नाही. मान हलली की फसवणूक मोडते, कारण जवळच्या आणि लांबच्या वस्तू वेगवेगळ्या वेगाने सरकतात. शाळेची सहल आलेली असेल तेव्हा जाऊ नका, पोरं तुमच्याकडेच बघत बसतात.

याच गोष्टीचा शास्त्रीय नमुना म्हणजे एम्स रूम. अॅडेलबर्ट एम्स हे अमेरिकन गृहस्थ वकिली शिकले, मग चित्रकलेत शिरले, तिथून डोळ्यांच्या अभ्यासाकडे वळले. त्यांनी एक वेडीवाकडी खोली बांधली. तिची मागची भिंत तिरकी आहे, एक कोपरा दुसऱ्यापेक्षा खूप लांब आणि त्या बाजूचं छतही उंच. पण ठरावीक भोकातून एका डोळ्याने बघितलं की खोली चौकोनी दिसते. मग सारख्या उंचीची दोन माणसं दोन कोपऱ्यांत उभी केली की एक राक्षस, एक बुटका. लांबचा मोठा माणूस आणि जवळचा लहान माणूस यांची डोळ्यातली प्रतिमा सारखीच असू शकते, त्यामुळे मेंदूला कशावर तरी भरवसा ठेवावा लागतो. तो खोलीच्या चौकोनीपणावर ठेवतो. माणसं आखूड-लांब झाली तरी चालतील, भिंती सरळच असणार!

आता करून बघण्याचं काम. यासाठी माझे आवडते गुरू डच कलाकार यान डिबेट्स, जन्म १९४१. त्यांनी १९६७ ते १९६९ या काळात 'पर्स्पेक्टिव्ह करेक्शन्स' नावाची मालिका केली. गवतावर दोरी टाकून किंवा भिंतीवर-जमिनीवर रेघा मारून त्यांनी एक आकार बनवला आणि ठरावीक जागेवरून फोटो काढला. फोटोत तो आकार पक्का चौरस दिसतो आणि जमिनीवर पसरलेला न वाटता कागदाच्या पृष्ठभागावर काढल्यासारखा उभा राहतो. प्रत्यक्षात जमिनीवर असतो एक समलंब चौकोन, कॅमेऱ्याकडे निमुळता आणि लांब जाताना रुंदावत गेलेला.

हे घराजवळच्या मैदानात जमतं. फोन ट्रायपॉडवर उभा लावा, लेन्स जमिनीपासून दीड मीटरवर. फोन पुढे-मागे अजिबात झुकलेला नको, सरळ क्षितिजाकडे बघणारा हवा. अल्ट्रावाइड लेन्स वापरू नका, नेहमीची घ्या. आता फोनपासून ३ मीटरवर १ मीटर लांबीची आडवी रेघ मारा आणि ९ मीटरवर ३ मीटर लांबीची. दोन्हींचे मध्यबिंदू फोनच्या अगदी समोर, एका ओळीत. मग टोकं जोडा. कबड्डीचं मैदान आखायची फक्की मिळाली तर उत्तम, नाहीतर पांढरी सुतळी आणि खिळे. स्क्रीनवर चौरस उभा राहतो. गणित सोपं आहे: वस्तू तिप्पट लांब गेली की चित्रात तिप्पट लहान होते, म्हणून लांबची बाजू तिप्पट मोठी ठेवायची. फोनची उंची बदलली की चौरसाचा आयत होतो, तेव्हा मोजपट्टी बरोबर न्या. सगळ्यात मजा पुढे आहे. चौरसाच्या आत मित्राला उभं करा. माणूस मैदानात उभा दिसतो आणि चौरस मात्र फोटोच्या काचेवर चिकटवल्यासारखा. डोळा कधी इकडे जातो, कधी तिकडे, आणि कुठेच ठरत नाही. डिबेट्सचं काम काय आहे हे मला लेख वाचून कळलं नव्हतं, फक्कीने हात पांढरे झाल्यावर कळलं.

दिवाळीतल्या रांगोळी प्रदर्शनांत थ्रीडी रांगोळी असते, तिच्यासमोर "इथे उभे राहून फोटो काढा" अशी खूण केलेली असते, तेही हेच. तिथली गर्दी तुम्हाला एक गोष्ट शिकवेल: नुसत्या डोळ्यांनी बघताना लोक फारसे चकित होत नाहीत, फोनच्या स्क्रीनवर बघितल्यावर ओरडतात. दुसरा डोळा आड येतो ना.

हाच धागा मोठ्या वास्तूंपर्यंत नेणारे दोघं आहेत. फ्रान्सचे जॉर्ज रूस, जन्म १९४७, पडक्या किंवा पाडायला काढलेल्या इमारतींत जातात. भिंती, खांब, छत, जिना अशा वेगवेगळ्या पृष्ठभागांवर रंगाचे तुकडे असे रंगवतात की कॅमेऱ्याच्या जागेवरून बघितलं तर हवेत एक सलग वर्तुळ किंवा चौकोन तरंगतो. फोटो काढून झाला की इमारत बहुतेकदा पडते, उरतो फोटो. दुसरे फेलिचे वारिनी, स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोचे, जन्म १९५२. तंत्र तेच, वृत्ती वेगळी. २०१८ मध्ये त्यांनी फ्रान्समधल्या कार्कासोनच्या किल्ल्यावर पिवळी वर्तुळं उमटवली होती. एका जागेवरून ती एकात एक बसलेली दिसत, दोन पावलं सरकलं की तटा-बुरुजांवर नुसते पिवळे फराटे. वारिनींना ते फराटेही तितकेच प्रिय आहेत. माझं मत विचाराल तर मला वारिनी जास्त भावतात, कारण ते बघणाऱ्याला हिंडू देतात. रूस आपल्याला खुर्चीत बसवून दाखवतात. पण फोटोग्राफीच्या विद्यार्थ्याने आधी रूस बघावेत, कारण तिथे फोटो हीच अंतिम वस्तू आहे.

करायचं असेल तर कॉलेजचा जिना किंवा लांब व्हरांडा निवडा, सपाट भिंतीवर काही होत नाही. प्रोजेक्टर कॅमेऱ्याच्या जागी ठेवायचा, रात्री आकार टाकायचा आणि प्रकाशाच्या कडेने मास्किंग टेप लावत जायचं. मग प्रोजेक्टर काढून लेन्स नेमकी त्याच जागी, त्याच उंचीवर. दोन बोटांचा फरकही दिसतो. आधी लेखी परवानगी घ्या, आणि रंगाऐवजी टेपच वापरा, म्हणजे शिपाईकाकांचा राग ओढवणार नाही.

एक जागा आणि एक डोळा झाला. आता क्षण.

डेव्हिड हॉकनी हे मुळात चित्रकार, आणि फोटोवर त्यांचा राग होता. लकवा झालेल्या एकाक्ष राक्षसाच्या नजरेने क्षणभर जग बघणं तुम्हाला चालत असेल तर फोटोग्राफी ठीक आहे, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे. १९८२ पासून त्यांनी एकाच दृश्याचे तुकड्यातुकड्यांनी पोलरॉइड (लगेच छापून बाहेर येणारे फोटो) काढून ते शेजारी शेजारी लावले. १९८६ च्या 'पेअरब्लॉसम हायवे'मध्ये सातशेहून जास्त फोटो आहेत. कॅलिफोर्नियातला एक साधा रस्ता, पण पाटी बघायला ते शिडीवर चढले, डांबर बघायला खाली वाकले. एकही तुकडा दुसऱ्याच्या दृष्टिकोनात बसत नाही, आणि तरी तो रस्ता आपण त्यावरून गेल्यासारखा वाटतो.

बार्बरा प्रोब्स्ट यांनी उलट केलं. २००० साली न्यूयॉर्कच्या एका गच्चीवर त्यांनी बारा कॅमेरे लावले आणि सगळ्यांचं शटर एकाच क्षणी उडवलं. क्षण एक, जागा बारा. एका चौकटीत एक बाई नाट्यमय उडी मारताना दिसते, दुसरीत मागचे ट्रायपॉड दिसतात. हे आपल्याला चार मित्रांच्या फोनवर करता येतं. रिमोट वगैरे लागत नाही: सगळ्यांनी व्हिडिओ सुरू करायचा, मध्ये एकाने टाळी वाजवायची, नंतर टाळीवरून व्हिडिओ जुळवून हवी ती चौकट प्रत्येकातून काढायची. कँटीनमध्ये दोघं चहा पीत बसलेत, एवढा विषयसुद्धा पुरतो. एका कोनातून ते भांडताहेत असं वाटेल, दुसऱ्यातून हसताहेत.

सुगिमोतोंचं नाव परत घ्यावं लागतं, कारण त्यांची चित्रपटगृहांची मालिका. सिनेमा सुरू होताना शटर उघडायचं, संपल्यावर बंद करायचं. अख्खा सिनेमा एका फोटोत येतो आणि पडद्यावर उरतो निव्वळ पांढरा प्रकाश. त्या प्रकाशात रिकाम्या खुर्च्या आणि भिंतीवरचं नक्षीकाम उजळतं. इतका वेळ साठवल्यावर गोष्टच पुसली जाते. यावर मी जास्त लिहीत नाही, तो फोटो मोठा करून शांतपणे बघा.

आबेलार्दो मोरेल यांचं काम मात्र सविस्तर सांगते, कारण ते आपल्या खोलीत होतं. जन्म हवानाचा, १९४८ चा, पुढे बॉस्टनला प्राध्यापक. १९९१ पासून ते खिडक्या काळ्या प्लास्टिकने बंद करून त्यात बारीकसं भोक ठेवतात. बाहेरचं शहर खोलीतल्या पलंगावर, भिंतीवर उलटं उमटतं, आणि त्याचा फोटो काढायला फिल्मच्या काळात त्यांना काही तास लागत. हंपीला विरूपाक्ष मंदिरात गाइड गोपुराची उलटी सावली दाखवतात, ती याच तत्त्वावर. हॉस्टेलच्या खोलीत सुमारे एक सेंटिमीटरचं भोक घेऊन सुरुवात करा. लहान भोक म्हणजे रेखीव पण अंधारी प्रतिमा, मोठं म्हणजे उजळ पण धूसर. समोरच्या इमारतीवर थेट ऊन पडलेलं असताना करा. पावसाळ्यात नादच सोडा. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, तोवर "काही दिसत नाही" म्हणून प्लास्टिक फाडू नका.

आता लोकांना जे सगळ्यात आधी हवं असतं ते: फोटोवर फोटो जोडणं. जेरी युल्समन, १९३४ ते २०२२. फ्लोरिडा विद्यापीठात शिकवत. त्यांच्या डार्करूममध्ये एन्लार्जर (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर टाकणारी यंत्रं) ओळीने मांडलेले असत, प्रत्येकात वेगळी निगेटिव्ह. एकच कागद एका एन्लार्जरखालून दुसऱ्याखाली सरकत जाई आणि नको तो भाग हाताने झाकला जाई. झाडाची मुळं हवेत, घराचं छप्पर म्हणजे ढग. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६७ मध्ये त्यांचं एकल प्रदर्शन भरवलं. फोटोशॉपमध्ये लेयर आले १९९४ मध्ये, हे लक्षात घ्या.

माझ्या मामांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ आहे. त्यांना मी युल्समनचे फोटो दाखवले. लांबून बघत म्हणाले, "अगं, हे तर मिक्सिंग." मग चष्मा लावून जवळ घेतला आणि बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाले, "जोड कुठाय?" मामांनी स्वतः रोलच्या काळात लेन्सवर काळा पुठ्ठा अर्धा धरून डबल रोलचे फोटो काढलेत, एकच माणूस दोन खुर्च्यांवर. निगेटिव्हवर पेन्सिलने मुरमाचे डाग घालवलेत. त्यांना कलाइतिहास कुणी शिकवला नाही, पण पहिला प्रश्न बरोब्बर पडला. "मामा, तुम्ही तर कलाकार निघालात," म्हटल्यावर म्हणाले, "कलाकार कसला, गिऱ्हाइकाला दोन भाऊ पाहिजे होते." नवीन मुलांना माझं सांगणं, गावातल्या जुन्या स्टुडिओवाल्याकडे एक सुट्टी काढा. करिझ्मा अल्बमच्या, म्हणजे संगणकावर रचलेल्या लग्नाच्या अल्बमच्या, आधीचं त्यांचं ज्ञान त्यांच्याबरोबरच जाणार आहे.

जोड लपवायची तर मी तीन गोष्टी क्रमाने बघते. आधी क्षितिज. सपाट जमिनीवर कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असेल, तर त्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे क्षितिजरेषेवरच येतात, माणूस जवळ असो की लांब. आणून चिकटवलेला माणूस ही रेषा पाळत नाही, म्हणून तो तरंगतो. मग सावली: दिशा तर बघायचीच, पण कडाही. ढगाळ दिवसाच्या मैदानात फ्लॅशची करकरीत सावली चालत नाही. मग दाणा. एक तुकडा गुळगुळीत आणि शेजारचा नॉइजने भरलेला असला की रंग कितीही जुळवा, डोळ्याला खुपतं.

आणि हे काही युल्समनपासून सुरू झालं नाही. १८४० मध्येच फ्रान्समध्ये इपोलित बायार यांनी स्वतःचा बुडून मेलेल्या माणसाच्या रूपात फोटो काढला होता, फोटोग्राफीच्या शोधाचं श्रेय सगळं दागेर या दुसऱ्या शोधकाला मिळालं म्हणून. म्हणजे फोटो जन्मल्या जन्मल्या खोटं बोलायला लागला. ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून 'टू वेज ऑफ लाइफ' हे भलंमोठं दृश्य उभं केलं. यामागे हौस होती तशी अडचणही होती. त्या काळच्या ओल्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होत्या, जमीन नीट आली की आकाश पांढरं फट्ट पडे. म्हणून गुस्ताव ल ग्रे समुद्र एका निगेटिव्हवर आणि ढग दुसऱ्यावर घेत. आपला फोन आज एचडीआरच्या नावाने साधारण तेच करतो, फक्त आपल्याला विचारत नाही.

आपल्याकडे या परंपरेचा मूळपुरुष दादासाहेब फाळके. सिनेमावाले त्यांच्यावर हक्क सांगतात, पण माणूस आधी फोटोवाला. १८८५ मध्ये जे.जे.त शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात, गोध्र्याला स्टुडिओ टाकला, जादूचे प्रयोग केले, रविवर्मा प्रेससाठी फोटोलिथोचं (फोटोवरून छपाईचं) काम केलं. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ त्यांनी एकेक चौकट करत टिपली आणि दिवसांची गोष्ट काही क्षणांत दाखवली. पैसे लावणाऱ्याची खात्री पटवायला! जादूगार, छपाईवाला आणि फोटोग्राफर एका देहात असले की काय होतं ते पुढच्या पौराणिक चित्रपटांतल्या चमत्कारांत दिसतं.

रविवर्म्यांच्या तसबिरी ज्या प्रेसमध्ये छापल्या जात ती मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेली. त्या तसबिरींतली लक्ष्मी आपल्या आज्यांच्या देवघरात होती. बंगळुरूच्या कलाकार पुष्पमाला एन. यांनी २००० ते २००४ मध्ये छायाचित्रकार क्लेअर अर्नी यांच्यासोबत केलेल्या मालिकेत त्या स्वतः ती लक्ष्मी झाल्या. साडी, कमळ, मागचा रंगवलेला पडदा सगळं तसंच, फक्त तसबिरीतला गोडवा जाऊन तिथे एक खरीखुरी बाई उभी आहे. त्याआधी १९९६ ते १९९८ मध्ये त्यांनी मुंबईत 'फँटम लेडी ऑर किस्मत' केलं, जुन्या मारधाडपटाच्या थाटात, मुखवटाधारी नायिका स्वतःच. इथे डोळ्याला चकवा नाही, आठवणीला आहे. कलाकार विवान सुंदरम यांचं 'री-टेक ऑफ अमृता' याच ओळीत बसतं. आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेले घरचे फोटो घेऊन नातवाने २००१-०२ मध्ये संगणकावर चित्रकार मावशी अमृता शेरगिल, आजोबा आणि चित्रं एका चौकटीत आणली. वेगवेगळ्या वर्षांतली माणसं एका खोलीत बसली आहेत. हे बघितल्यावर मला फोटोशॉपबद्दलची तुच्छता सोडावी लागली.

खोटेपणाचं टोक बघायचं तर स्पेनचे जोआन फोंतकुबेर्ता. १९९७ च्या 'स्पुतनिक' प्रकल्पात त्यांनी हरवलेल्या सोव्हिएत अंतराळवीराची कहाणी फोटो-कागदपत्रांसकट रचली. अंतराळवीराचा चेहरा स्वतः फोंतकुबेर्तांचाच. काही वर्षांनी एका स्पॅनिश टीव्ही कार्यक्रमाने ती खरी म्हणून सांगितली! त्यांना दाखवायचं होतं तेच की आपण फोटोवर कमी, फोटोखालच्या ओळीवर, संग्रहालयाच्या काचेवर आणि शिक्क्यावर जास्त विश्वास ठेवतो.

इथे एक सीमा आखून घ्या. वृत्तपत्रात इंटर्नशिप करताना यातलं काहीही चालत नाही. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले, त्याची चर्चा आजही होते. तुलनेसाठी जर्मन छायाचित्रकार आंद्रेयास गुर्स्की बघा. 'ऱ्हाइन २' या १९९९ च्या फोटोतून त्यांनी वीजकेंद्र, माणसं सगळं काढून टाकलं. तो फोटो २०११ मध्ये ४३ लाख डॉलरहून जास्त किमतीला विकला गेला. कृती एकच, पण वाचकाला दिलेला शब्द वेगळा. एआयनेही हाच वाद नव्याने उकरला. २०२३ मध्ये जर्मन कलाकार बोरिस एल्डाग्सेन यांनी एका मोठ्या फोटोस्पर्धेत एआयची प्रतिमा पाठवली, बक्षीस लागलं आणि त्यांनी ते नाकारलं. तुमच्या कामात एआय असेल तर ओळीत स्पष्ट लिहा. परीक्षक विचारण्याआधी.

कॉलेजात काम तपासणाऱ्या ज्युरीबद्दल विचारलं जातं म्हणून थोडं. "यात ट्रिक आहे, काम कुठाय?" हा प्रश्न येणारच. एकेका तंत्राचे दहा नमुने लावले की तो नक्की येतो. त्यापेक्षा एकच तंत्र आणि एकच जागा घेऊन मालिका करा. मांडणीचे फोटो जपून ठेवा: ट्रायपॉड कुठे होता, टेप कशी लावली, बाजूने तो आकार कसा विस्कटलेला दिसतो. मी तर आता अंतिम फोटोशेजारी तो बाजूचा फोटो मुद्दाम लावते. जर्मन कलाकार थॉमस डेमांड कागदाच्या खऱ्या मापाच्या खोल्या बांधतात, फोटो काढतात आणि सहसा कागद नष्ट करतात, त्यांना ते शोभतं. विद्यार्थ्याने पुरावा फाडू नये.

पोटापाण्याचं म्हणाल तर रिटचिंग येणाऱ्याला जाहिरातींच्या स्टुडिओत आणि ऑनलाइन दुकानांच्या कॅटलॉगमध्ये काम मिळतं, कंटाळवाणं असलं तरी हात बसतो. व्हीएफएक्समध्ये (सिनेमातल्या दृश्य-चमत्कारांच्या कामात) नवख्याला रोटो आणि पेंटवर, म्हणजे चौकटीगणिक कडा कापण्यावर आणि नको ते पुसण्यावर बसवतात, कंपोझिटिंग म्हणजे तुकडे जोडणं नंतर. मात्र मैदानात फक्की मारलेल्या माणसाला तिथे दृष्टिकोनाचं गणित समजावून सांगावं लागत नाही. पुढे शिकायचं तर महाराष्ट्रातल्या कलामहाविद्यालयांसाठी एएसी सीईटी ही प्रवेशपरीक्षा आहे, हैदराबादच्या जवाहरलाल नेहरू वास्तुकला व ललितकला विद्यापीठात फोटोग्राफीची पदवी आहे, आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या (एनआयडी) गांधीनगर आवारात फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. तारखा आणि अटी बदलतात, संस्थेच्या सूचनाच बघा.

राहिलं प्रत्यक्ष बघणं. 'ऱ्हाइन २' साडेतीन मीटरच्या आसपास रुंद आहे, फोनवर ती हिरवी-करडी पट्टी वाटते. म्हणून छापील आणि मोठं जे मिळेल ते बघा. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राची पिरामल गॅलरी फोटोग्राफीसाठीच आहे, काळाघोड्याला मॅक्सम्युलर भवनाचं ग्रंथालय आहे, जिथे जर्मन फोटोग्राफरांपासून सुरुवात करता येईल. बंगळुरूचं म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी २०२३ पासून उघडलं आहे. आणि पणजीचा सेरेंडिपिटी कलामहोत्सव डिसेंबरात असतो, त्यात फोटोग्राफीचं दालन बहुतेक वेळा असतंच. डिसेंबरात कोकण रेल्वे खच्चून भरलेली असते, तिकीट आरक्षण उघडल्याबरोबर काढा, आणि पणजीला जायचं तर मडगावपर्यंत न जाता करमाळीला उतरा.